गोष्टसुद्धा गाळून द्यावी



मागच्या लेखात पाणी गाळायच्या छन्न्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणींनी कळवलं की आता घरोघरी आरओ आहे, छन्ना कोण धुवत बसणार! त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी देईन. आजचा विषय थोडा भांडणाचा आहे. काही जणींना माझा राग येईल. आला तर धरून ठेवू नका, क्षमावाणी दरवर्षी येतेच.

दशलक्षणात आमच्याकडे बाहेरगावाहून एक विद्वान आले होते. संध्याकाळच्या प्रवचनात त्यांनी सांगितलं, जादूटोण्याची, राक्षसांची, परदेशी चेटक्यांची पुस्तकं मुलांना मिथ्यात्वाकडे नेतात, ती घरात ठेवूच नका. सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. घरी आले आणि तेरा वर्षांच्या लेकीच्या दप्तरातून हॅरी पॉटर बाहेर काढला. शाळेच्या वाचनालयाचा शिक्का होता. म्हटलं, "उद्याच्या उद्या परत करून टाक." ती "हो" म्हणाली. दोन दिवसांनी विचारलं, "दिलं का?" तर म्हणाली, "दिलं."

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून आलो, मोठ्यांच्या पाया पडणं झालं. मी परातीत कणीक मळत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. "आई, उत्तम क्षमा. पुस्तक मी परत नव्हतं दिलं. धानाच्या कोठीमागे ठेवलं होतं. वाचून झालं."

आधी मला राग आला, मग लाज वाटली. कारण दिवस मोजले तेव्हा लक्षात आलं, तिने "दिलं" म्हटलं तो उत्तम सत्याचा दिवस होता. सकाळी मंदिरात आम्ही दोघींनी मिळून सत्यधर्माची पूजा केली होती आणि संध्याकाळी माझ्याच हुकमापायी माझ्याच स्वयंपाकघरात खोटं बोललं गेलं. पुस्तकातल्या जादूने तिचं काय बिघडलं असतं ते मला माहीत नाही, पण माझ्या बंदीने काय बिघडवलं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मी विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" ती म्हणाली, "तू वाचून तर पाय ना आई."

म्हणून वाचलं. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही पुस्तकं मराठीत आणली आहेत, पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. तो मी स्वतः वाचला. मधले भाग लेकीने पोळ्या लाटता लाटता सांगितले. शेवटचा आम्ही दोघींनी मिळून वाचला. आणि आता मला जे म्हणायचं आहे ते त्या प्रवचनाच्या विरुद्ध आहे. पण जे लोक "हॅरी पॉटर म्हणजे खरं तर जैन धर्मच" असे संदेश पाठवतात, त्यांच्याही ते विरुद्ध आहे.

आधी बंदीवाल्यांचं घेते, कारण दहा दिवस मी त्यांच्यातच होते.

त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही असं मी म्हणणार नाही. आधार आहे. विकथा हा प्रमाद आहे हे आपण पाठशाळेत पाठ केलेलं आहे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुति येते, म्हणजे मन मलिन करणाऱ्या गोष्टी ऐकणं. पण समंतभद्र स्वामींनी रत्नकरंड श्रावकाचारात दुःश्रुतीचं लक्षण काय सांगितलं आहे ते नीट बघा. ज्या ऐकण्याने आरंभ, परिग्रह, मिथ्यात्व, द्वेष, आसक्ती, मद, काम यांनी चित्त गढूळ होतं, ती दुःश्रुति. राक्षस आला की दुःश्रुति, उडणारा झाडू आला की दुःश्रुति, असं तिथे नाही. ऐकणाऱ्याच्या मनाचं काय झालं, ही कसोटी आहे.

आता ही कसोटी आपण आपल्याला लावू. विकथेचे प्रकार मोजताना स्त्रीकथा आणि भोजनकथा आपण पाठ म्हणतो. मग भिशीत काय चालतं? अमकीच्या सुनेने काय केलं, तमकीच्या लग्नात किती पदार्थ होते. दिवस मावळायच्या आत आपण जेवण उरकतो ते व्रत म्हणून, हे खरं; पण उरकल्यावर टीव्हीसमोर बसून आपण काय बघतो? इच्छाधारी नागीण, सवतीचा डाव, सासूच्या दुधात विष. तिथे कोणी म्हणत नाही की हे मिथ्यात्व आहे, घरातून काढा. बंदी फक्त पोरांच्या पुस्तकांवर, कारण पोरं उलटून बोलत नाहीत, कोठीमागे लपवतात.

आणि मिथ्यात्वाची एवढी काळजी असेल तर ते नेमकं कुठे राहतं ते पाहू. त्याच ग्रंथात तीन मूढता सांगितल्या आहेत, लोकमूढता, देवमूढता आणि गुरुमूढता. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधणारे आपल्यात किती आहेत? बाळाच्या पायात काळा दोरा, मांजर आडवी गेली की दोन पावलं मागे, घरात आजारपण आलं की "कोणीतरी करणी केली." आपल्या पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. मारणारे ते लोक हॅरी पॉटर वाचून तिथवर गेलेले नाहीत. जादू खरी असते असं मानणाऱ्या मोठ्या माणसांच्या घरात ते वाढलेले आहेत. माझ्या लेकीला झाडू उडत नाही हे पक्कं माहीत आहे, कारण अंगण तीच झाडते. मिथ्यात्व खोट्याला खरं मानण्यात आहे. खोट्याला खोटं म्हणून ऐकण्यात नाही.

आपल्याच आचार्यांनी हे दाखवून दिलं आहे. हरिभद्रसूरींचं धूर्ताख्यान आहे, महाराष्ट्री प्राकृतातलं. त्यात पाच धूर्त एकत्र बसून एकाहून एक मोठ्या थापा मारतात. ऐकणाऱ्याने त्या खऱ्या मानू नयेत, हसावं आणि शहाणं व्हावं, यासाठीच त्या रचलेल्या. आपल्या दिगंबर परंपरेत अमितगती आचार्यांची धर्मपरीक्षा त्याच वाटेने जाते. थाप आहे हे ठाऊक असताना ऐकलेल्या थापेचा आचार्यांना धाक वाटला नाही. धाक वाटला तो भाबडेपणाचा.

अजून मागे जा. गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने आपल्या पैठणच्या सातवाहनांशी जोडलेली आहे. आकाशात उडणारे विद्याधर, राजकन्या, समुद्रप्रवास, चमत्कार, सगळं त्यात होतं. त्या काळातला हॅरी पॉटरच समजा. ती मूळ रूपात आज उरलेली नाही. पण ती लोकांच्या तोंडी होती तेव्हा जैन साधूंनी काय केलं? "श्रावकांनो, ही ऐकू नका" एवढं म्हणून ते गप्प बसले नाहीत. संघदास गणींनी ती घेतली, नायक बदलून त्या जागी कृष्णाचे वडील वसुदेव ठेवले, आणि वसुदेवहिंडी रचली. साहस तसंच ठेवलं, पण वाटेत जागोजागी कर्माचं फळ, पूर्वभव, वैराग्य पेरलं. पुढे उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोरला कुवलयमाला पूर्ण केली. त्यातल्या बाजाराच्या वर्णनात मराठी बोलणारे व्यापारीसुद्धा भेटतात, हे वाचून मला फार मजा वाटली. त्या कथेत पाच जीव आहेत: चंडसोम क्रोधाचा, मानभट मानाचा, मायादित्य मायेचा, लोभदेव लोभाचा, मोहदत्त मोहाचा. जन्मामागून जन्म ते एकमेकांना शोधतात आणि वर काढतात. देव आहेत, आकाशगमन आहे, घोडा राजपुत्राला घेऊन उडतो. हे ग्रंथ श्वेतांबर परंपरेतले आहेत, पण गोष्टीची ही रीत दोन्ही आम्नायांची आहे. आपल्या गुणकीर्तींनी पद्मपुराण मराठीत रचायला घेतलं ते कोणासाठी? संस्कृत येणाऱ्यांसाठी नव्हे. तुमच्या-माझ्यासारख्या, चुलीपाशी बसणाऱ्यांसाठी.

आणि पद्मपुराणाचंच बघा. रामकथा सगळ्या जगाची लाडकी. रविषेण आचार्यांनी सातव्या शतकात ती संस्कृतात सांगितली, त्याआधी विमलसूरींनी प्राकृतात. त्यांच्याकडे रावण राक्षस नाही, विद्याधर राजा आहे. दहा तोंडं म्हणजे हारातल्या रत्नांत पडलेली चेहऱ्याची प्रतिबिंबं. पण सगळ्यात मोठा बदल कुठे आहे? रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. आणि मारलं म्हणून लक्ष्मण नरकात जातो. नायकाचा भाऊ, न्यायाच्या बाजूचा, तरी हिशोब चुकत नाही. राम दीक्षा घेतात आणि नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीहून मोक्षाला जातात. आपल्या आचार्यांनी लाडकी गोष्ट नाकारली नाही, पण तिला विचारलं, "मारलं कोणी? आणि त्याचं फळ कोणाला?"

हाच माझ्या मते छन्ना आहे. पाणी पिणं आपण सोडत नाही, कारण पाण्याशिवाय जीव राहत नाही. आणि न गाळता पीत नाही, कारण त्यात काय आहे ते माहीत असतं. मुलांना गोष्टीची तहान असतेच. आपल्यालाही होती. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार आणि झाडीपट्टीची नाटकं होतात. घरचे नको म्हणायचे तरी आपण शेजारणीच्या शालीत गुरफटून बघून आलोय की नाही? चांदोबातला विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन निघायचा ते आपण श्वास रोखून वाचायचो. त्याने आपण प्रेतपूजक झालो नाही. कारण वेताळ शेवटी प्रश्न विचारायचा, आणि त्या प्रश्नावर आपण भावंडं आपसांत भांडायचो.

म्हणून मी लेकीच्या पुस्तकाला आचार्यांचे प्रश्न विचारायला लागले. काय सापडलं ते सांगते.

पहिल्या भागातच परीस आहे. त्यापासून सोनं मिळतं आणि अमर करणारा रसही. तो जवळ असलेला निकोलस फ्लॅमेल ६६५ वर्षांचा आहे. शेवटी परीस नष्ट करायचा ठरतो, म्हणजे तो आणि त्याची बायको आता मरणार, आणि दोघांना ते मान्य आहे. ज्या परिग्रहासाठी सगळं पुस्तकभर धडपड चालते, तो ज्याचा आहे त्यानेच शांतपणे सोडून दिला. हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि सासूबाईंचे शेवटचे दिवस आठवले. त्यांनी एकेक वस्तू नावानिशी वाटून टाकली होती, पितळेची मोठी गुंडीसुद्धा.

सातही भागांतला खलपुरुष वोल्डेमॉर्ट. तो वाईट का झाला? त्याला मरणाची भीती वाटते. मरू नये म्हणून तो आपल्या आत्म्याचे सात भाग करायचे ठरवतो आणि एकेक भाग वस्तूत लपवतो. त्यासाठी दर वेळी एक खून करावा लागतो. देहावरच्या मोहातून हिंसा कशी निघते, हे मुलांना समजावायला मी दहा वर्षं पाठशाळेत धडपडले, आणि हे पोरीला आधीच कळलेलं होतं. शिवाय तुकडे झालेला आत्मा पुन्हा सांधायचा एकच उपाय पुस्तकात सांगितला आहे, खरा पश्चात्ताप. तो इतका दुखतो की त्याने माणूस मरूही शकतो. शेवटच्या लढाईत हॅरी त्याला हेच सुचवतो. शत्रूला प्रतिक्रमण कर म्हणून सांगणारा नायक मी टीव्हीवर तरी पाहिलेला नाही.

आणि मारलं कोणी? हॅरी त्या क्षणी समोरच्याच्या हातातली छडी काढून घेण्याचा मंत्र म्हणतो, मारण्याचा नाही. वोल्डेमॉर्टचा मारण्याचा मंत्र त्याच्यावरच उलटतो. लेक म्हणाली, "आई, राम जसा हात मळवत नाही ना, तसंच." पद्मपुराण तिने पाठशाळेत ऐकलेलं होतं. दोन गोष्टी तिच्या तिनेच जोडल्या. ते पुस्तक कोठीमागेच राहिलं असतं तर ही जोडणी मी कधीच ऐकली नसती.

मग मी तिला अंजन चोराची गोष्ट पुन्हा सांगितली. हॅरीजवळ अदृश्य करणारा झगा आहे, आपल्या अंजनाजवळ अदृश्य करणारं काजळ होतं. तो राणीचा हार चोरतो, स्वतः दिसत नाही, पण हार चमकतो आणि रखवालदार मागे लागतात. पळता पळता तो स्मशानात येतो. तिथे एक जण झाडाला शिंकं बांधून बसलेला. खाली शस्त्रं रोवलेली. दोऱ्या कापाव्या की नाही, मंत्र खरा ठरेल की नाही, या शंकेत तो अडकलेला. अंजन णमोकारावर पूर्ण भरवसा ठेवून दोऱ्या कापतो, आणि इथून त्याचा मार्ग बदलतो, तो थेट मोक्षापर्यंत. निःशंकित अंगाचा दाखला म्हणून आपण हा पाठ करतो. पण लेकीला मी विचारलं, "कोणी बघत नसताना तू काय करशील?" ती हसली, मग म्हणाली, "कोठीमागे पुस्तक ठेवीन." आम्ही दोघी बराच वेळ हसलो. आणि मग अचौर्य, सत्य, सगळ्यावर जे बोलणं झालं ते पाठशाळेच्या तासात होत नाही.

हे एवढं वाचून काही जणी म्हणतील, बघा, म्हणजे हॅरी पॉटर जैनच आहे! इथे मी थांबवते. हा दुसरा आळस आहे.

या पुस्तकांच्या लेखिका रोलिंगबाई ख्रिस्ती वातावरणात वाढलेल्या आहेत. शेवटच्या भागात कबरींवरच्या ओळी बायबलमधल्या आहेत, आणि हे संदर्भ त्यांनी २००७ साली उघड मान्यही केले. गंमत म्हणजे अमेरिकेत याच पुस्तकांवर चेटूक शिकवतात म्हणून ख्रिस्ती पालकांनीच सगळ्यांत जास्त ओरड केली. २००० ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या ग्रंथालयांत ज्या पुस्तकांवर आक्षेप आले, त्यांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत हीच मालिका पहिली आहे. ज्यांच्या ग्रंथातल्या ओळी शेवटी येतात तेच शेवटापर्यंत वाचायला तयार नव्हते. आपण तसं करू नये. पण दुसऱ्याच्या घरून आलेल्या डब्यावर आपलं नावही कोरू नये.

कारण गाळायला बसलात तर छन्न्यावर बरंच काही उरतं. आत्म्याचे तुकडे होतात, हे आपल्याला मान्य नाही. जीव अखंड आहे. कषायाने तो झाकला जातो, मलिन होतो, नरकात जातो, निगोदात जातो, पण तुटत नाही. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्याकडे वोल्डेमॉर्टलाही मोक्ष मिळू शकतो?" मी म्हटलं, "भव्य जीव असेल तर मिळेल, कितीही भव लागोत." ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे तर त्या पुस्तकापेक्षा भारी आहे." मैत्रिणींनो, आपला धर्म आपल्या मुलीला भारी वाटला, तोही गोष्टीशी तुलना करून. मला आणखी काय हवं होतं?

जेवणाच्या टेबलांवर मांस आहे. औषधं शिकवायच्या वर्गात मेलेल्या प्राण्यांचे भाग कापतात. त्यावर माझ्या लेकीने नाक मुरडलं, मला सांगावं लागलं नाही. पण एक प्रश्न तिने विचारला, तो मला अजून सोडत नाही. पुस्तकात हॅरीला आईचं प्रेम वाचवतं. आई त्याच्यासाठी मरते आणि ते प्रेम त्याचं कवच होतं. लेक म्हणाली, "आई, पंडितजी म्हणतात राग बंधाचं कारण आहे. म्हणजे आसक्ती. मग तुझं माझ्यावरचं प्रेमही बंधच का?"

खोटं बोलायची सोय नव्हती, क्षमावाणी नुकतीच होऊन गेली होती. मी म्हटलं, "हो, त्यातला मोह बंधच आहे. म्हणून तर आर्यिका माताजी घर सोडतात. मी सोडलेलं नाही." तिचा चेहरा उतरला. मग मी तिला विष्णुकुमार मुनींची गोष्ट सांगितली. हस्तिनापुरात बळीने सातशे मुनींवर उपसर्ग केला. विष्णुकुमारांना विक्रिया ऋद्धी होती. त्यांनी बटूचं रूप घेतलं, तीन पावलं जमीन मागितली आणि मुनींना वाचवलं. आपण राखी बांधतो ती त्या दिवसाची आठवण म्हणून. वात्सल्य अंगाचा दाखला तोच. पण गोष्ट तिथे संपत नाही. मुनिपद बाजूला ठेवून हे केलं म्हणून त्यांनी नंतर प्रायश्चित्त घेतलं. इतकं चांगलं काम, इतकी मोठी शक्ती, तरी हिशोब दिला. मी म्हटलं, "माझं तुझ्यावरचं प्रेमही असंच असावं असं वाटतं. तुला वाचवायला धावेन, आणि जिथे मोहाने चुकेन तिथे तुझ्यासमोर कबूल करेन. पुस्तक काढून घेतलं ते मोहाने. उत्तम क्षमा."

हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटत होता. पण सांगितल्याशिवाय म्हणणं पूर्ण होत नाही. बंदी घालणं सोपं आहे, त्याला एक वाक्य पुरतं. "आपलाच धर्म आहे त्यात" असा संदेश पुढे ढकलणं त्याहून सोपं, त्याला एक बोट पुरतं. दोन्हीत पोरांजवळ बसावं लागत नाही. छन्ना धरायला मात्र दोन हात आणि वेळ लागतो. आमच्या घरी आरओ आल्यावरही मी तो का धुते, ते त्या बायांना आता कळेल.

सगळीच पुस्तकं सगळ्या वयांना द्यावीत असं माझं म्हणणं नाही. या मालिकेचे शेवटचे भाग अंधारे आहेत, त्यांत मरणं खूप आहेत. माझ्या धाकट्याला ते मी अजून देत नाही. त्याला दिवस असताना अंजन चोर सांगते, पुरे होतो. काही पुस्तकांत सूड हेच सुख म्हणून दाखवलेलं असतं, तीही मी बाजूला ठेवते आणि का ठेवते ते मुलांना सांगते. कारण सांगितलेली मनाई मुलं सहसा लपवून मोडत नाहीत, वाद घालून मोडतात. वाद घालणारं पोर परवडलं.

पुढच्या वेळी पोरगं किंवा पोरगी जाडजूड पुस्तकात डोकं खुपसून बसलेली दिसली, तर एवढं करून बघा. काढून घेऊ नका. भाजी निवडायला तिच्याजवळ बसा आणि विचारा, "यात कोणी कोणता कषाय केला?" मग विचारा, "त्याचं फळ कोणाला मिळालं?" आणि तिसरा प्रश्न, "लिहिणारा कोणाला फळ द्यायला विसरला का?" हा तिसरा प्रश्न मुलांना फार आवडतो, त्यांना लेखकाची चूक काढायला मिळते. उत्तरं तुम्हाला येत नसतील तर मंदिरातल्या कपाटातून पुराण काढून आणा. ते असंही वर्षानुवर्षं नुसतंच वेष्टनात बांधून ठेवलेलं आहे.

आणि गाळून झाल्यावर छन्न्यावर उरतं ते आपण मोरीत फेकत नाही. त्यात जीव असतात. जिवाणी म्हणून ते ज्या पाण्यातून आलं त्यातच हळूच परत सोडतो. पुस्तकातलं जे पटलं नाही तेही तसंच. दुसऱ्याच्या श्रद्धेतून आलेलं आहे, त्याची टर उडवायची नाही, त्यांचं त्यांच्याकडे सोडायचं. आपल्याला हवं होतं ते पाणी आपल्याला मिळालेलं असतं.

वाचनालयाचं पुस्तक आम्ही दोघींनी मिळून परत केलं. दंड भरावा लागला, तो लेकीने तिच्या खाऊच्या पैशातून भरला. मी म्हटलं, "अर्धा माझा." ती म्हणाली, "नाही जी, खोटं मी बोलली होती."

माझ्या शब्दांनी कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.